विहीणबाईंच्या वाट्याचा समुद्र

४ मे

विहीणबाई,

पोचलो. माणसं धड आहेत, सामान धड आहे, भांडणं अजून सुरू झालेली नाहीत. ठरल्याप्रमाणे हे पहिलं पत्र. महिनाभर दोन्ही नातवंडं एकट्या माझ्या ताब्यात, तेव्हा तुमच्या वाट्याची नातवंडं मी पत्रातून पोचती करायची आणि काही म्हणजे काही लपवायचं नाही, असं तुम्ही निघताना माझ्याकडून वदवून घेतलंत. फोनचा उपयोग नाही हे मलाही पटतं. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता.

लाँचवर चढताना माझा मुलगा छाती काढून सांगत होता की बर्फाच्या मशीनपायी मी अशी कितीतरी बेटं पालथी घातली आहेत. अर्ध्या वाटेत हाच कठड्याला लटकलेला आणि तुमची लेक त्याची पाठ चोळतेय. मला काही झालं नाही. जन्मभर शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला हलण्याचं काय कौतुक? आपली थोरली नात, टिकली, पाण्याला नाक लागेल इतकी वाकून बघत होती. आणि आपल्या भोंग्याने नाव राखलं. पाच वर्षांचं पोर, पण इंजिनाच्या वर त्याचा आवाज. लाँचवाला खूश झाला, म्हणाला माझा हॉर्न बिघडलाय, हा ठेवून जा.

पाण्याचा रंग काय लिहू? दुकानातली सगळी निळी-हिरवी रिळं आठवून पाहिली, एकही जुळत नाही. नारळाची झाडं इतकी वाकलेली की पोरं त्यांवर चालत चढतात. बर्फाचा कारखाना धक्क्याला लागूनच आहे. जुनं मशीन काढून नवं बसवायचं, महिन्याचं काम. कारखान्याच्या मागच्या दोन खोल्या आपल्याला फुकट दिल्यात. दार उघडलं की वाळू आणि वाळू संपली की समुद्र. पोरांनी पहिल्या दिवशी जेवणसुद्धा उभ्याने केलं.

पाय कसा आहे? निघायच्या आदल्याच दिवशी मुरगळावा म्हणजे कमालच. मोठं माणूस आणखी एकच मावणार होतं आणि तुम्ही मला जागा दिलीत. हे मी तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून इथे लिहून मोकळी होते.

अंथरुणात वाळू आहे. कितीही झटका, आहेच.

तुमची
मशीनआजी


८ मे

मशीनआजींस,

पत्र आलं, दोनदा वाचलं. दुधाची तहान ताकावर, पण ताक बरं होतं. छापखान्यात असते तर पहिल्याच पानावर माझी लाल शाई फार सांडली असती, ते असो.

तुम्ही नुसता पाण्याचा रंग लिहिलात. बाकीचं कुठे आहे? उकाडा किती? डास किती? पिण्याचं पाणी मचूळ आहे का? पोर आजारी पडलं तर डॉक्टर जवळ आहे का? तुमच्याइतकी दोष काढणारी नजर मी पाहिलेली नाही, आणि मी तर जन्मभर चुका शोधण्याचाच पगार घेतला. लग्नाच्या हॉलमध्ये पाऊल टाकल्याटाकल्या तुम्ही पडदे आखूड आहेत म्हणालात. माझ्या चहात आजवर तुम्हाला कधी साखर कमी लागली, कधी जास्त. ती बाई महिनाभर घरापासून लांब राहते आणि तिची तक्रार काय, तर वाळू. संकोच करू नका. सगळं लिहा.

पाय ठणकतो. तरी काल मुलांच्या घरी जाऊन कुंड्यांना पाणी घालून आले. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, दुसरं काय. जिन्यात त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. हात हलवून हलवून सांगत होत्या, किती शांत वाटतंय. भोंगा ओरडला की ज्या दांड्याने त्या वर छताला ठोकतात तो दाराआड उभा होता. वर गेले आणि कुंड्यांना पाणी घालून झाल्यावर भोंग्याच्या पलंगावर जरा बसले. घर शांतच होतं. माझ्यासाठी ते एरवीही असतं म्हणा.

टिकलीला सांगा, रोज उन्हात टोपी. भोंग्याला माझा पापा.

छापआजी


११ मे

विहीणबाई,

विचारलंत तर ऐका. डास नाहीत, वारा त्यांना टिकू देत नाही. उकाडा आहे, पण उकडलं की पाण्यात शिरायचं. पाणी गोड आहे. डॉक्टरीणबाई कारखान्याच्या समोरच राहते आणि रिकामीच असते. दोष काढायचाच तर एक सापडला. समुद्रात उतरायला अंगावर घालू असं काही मी आणलं नव्हतं.

कारखान्याची मालकीण आपल्याच वयाची आहे, ऐसपैस बाई. तिच्याकडे शिवणयंत्र निघालं आणि कपाटात एक निळ्या पट्ट्यांचा जाड पडदा. दुपारी पोरं झोपली तेवढ्यात मी त्याचा पोशाख शिवला. पुऱ्या बाह्यांचा, पोटरीपर्यंत, कमरेला इलॅस्टिक. घेर पाण्यात वर येऊ नये म्हणून खालच्या दुमडीत बारीक खडे भरले. मापाला अगदी चोख. सूनबाईने पाहिलं आणि ती तोंडाला पदर लावायला आत पळाली, तिने जीन्स घातली होती तरी.

मग टिकलीने माझी शिकवणी घेतली. आठ वर्षांची मास्तरीण, कमरेवर हात. म्हणाली, आजी, पाठीवर झोप आणि मान सोड. मान काही सुटेना. सुटली तर पाय खाली जायचे, कारण ते खडे. शेवटी पाण्यातच दुमड उसवली, खडे समुद्राला देऊन टाकले आणि पुन्हा आडवी झाले. टिकलीचा हात पाठीखाली होता. मग तो कधी निघाला मला कळलंच नाही.

विहीणबाई, मी तरंगले. कानांत पाणी, वर आभाळ, आणि हातापायांना काहीच काम नाही. मला असं रिकामं कधी कोणी ठेवलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी इतकी हसत होते की माझ्या मुलाला वाटलं, मला काहीतरी चावलं.

आणि आता तुमच्या वाट्याचा भोंगा. त्याला नोकरी लागली. मासेमारीच्या होड्या धक्क्यापासून लांब उभ्या असतात. बर्फ तयार झाला की त्यांना बोलवावं लागतं. धक्क्यावरच्या मुकादमाचा घसा बसलाय, त्यामुळे आता भोंगा टोकाला उभा राहून हाक मारतो. 'लाल होडीऽऽ, बर्फ!' आणि लांबवर ती लाल होडी खरंच वळते. मी पाहिलं. पोराचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. इथे आल्यापासून त्याला एकदाही कोणी 'हळू' म्हणालेलं नाही.

पायाला तेल लावा.

मशीनआजी


१५ मे

मशीनआजींस,

पडद्याचा पोशाख वाचताना माझा चहा सांडला. तुम्हाला पाठवलं कशाला आणि तुम्ही करताय काय?

चार दिवसांची हौस सगळ्यांनाच असते. पाहुणा म्हणून गेलं की कोणतंही गाव गोड लागतं. जरा डोळे उघडून बघा. पावसाळ्यात लाँच बंद पडते असं मी ऐकलंय. मग काय करतात लोक? शाळा केवढी आहे? एकाच खोलीत चार इयत्ता कोंबल्या असतील. पुस्तकांचं दुकान आहे का? वादळ आलं तर त्या दोन खोल्या टिकतील का? हे सगळं नीट बघून मला कळवा.

आणि जावई तुमच्याशी काही बोलले का? बोलले तर भारावून जाऊन उत्तर देऊ नका. तुमचं नेहमीचं जे मत असतं तेच द्या.

पोरांचा फोटो पाठवा. तुमचा नको.

छापआजी


१८ मे

विहीणबाई,

बोलला. काल संध्याकाळी.

मला म्हणाला, आई, चल, एक घर दाखवतो. कारखान्याच्या बाजूला, रिकामं, बैठं. तीन खोल्या, मागचं दार थेट वाळूत. मी आत गेले, पिशवीतून टेप काढला आणि खिडक्यांची मापं घ्यायला लागले. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. हाताची सवय. पोरगा दारात उभा राहून बघत होता. मग हळूच म्हणाला, म्हणजे तुझं हो आहे का?

मी टेप गुंडाळला आणि खाली ओट्यावर बसले. त्याने सगळं सांगितलं. मालकीणबाईला कारखाना कायमचा त्याच्या हाती द्यायचा आहे. शाळेत गणिताची जागा आहे, तुमच्या लेकीला मिळेल. मालकीणबाईला महिनाअखेर उत्तर हवंय. आणि शेवटी म्हणाला, 'तू नाही म्हणालीस तर विषय संपला. मी पुन्हा काढणार नाही.' त्याच्या आवाजात लाडीगोडी नव्हती. मी नाही म्हटलं तर तो खरंच काढणार नाही.

रात्रभर मला झोप नाही. आनंदानेही आणि दुःखानेही. टिकली इथे माशासारखी झालीय. भोंगा सकाळी उठून आधी धक्क्यावर पळतो. आणि पोरं इथे राहिली तर मी तिथे कोणाचे कपडे बेतू? आपण दोघी शनिवार-रविवारवरून भांडतो, मग काय भांडणार?

आता माझा प्रश्न. चोराच्या मनात चांदणं. जावई काही बोलले का, असं तुम्ही आधीच विचारलंत. सुट्टीवर आलेल्या बाईला शाळा बघायला सांगितलीत. आणि मुरगळलेल्या पायाने तुम्ही तिसरा मजला चढून कुंड्यांना पाणी घातलंत, त्या इमारतीला लिफ्ट नसताना. माझी नजर दोष काढणारी, हे तुम्हीच लिहिलंय.

खरं काय ते लिहा. करार दोन्ही बाजूंनी असतो.

मशीनआजी


२१ मे

मशीनआजींस,

पायाला काही झालेलं नाही. पट्टी बांधली होती, आत पाय ठणठणीत होता.

लेकीने कारखान्याचं मला निघण्याच्या आधीच सांगितलं होतं. आधी सुट्टी म्हणून राहून बघायचं, मग तुम्हाला विचारायचं, असं दोघांचं ठरलं होतं. मी विचार केला, आपण नाही म्हटलं तर लेकीच्या वाटेत आपण आडव्या आलो असं होईल. त्यापेक्षा यांना पाठवावं. या वाळूत पाऊल पडताच नाक मुरडतील, तिसऱ्या दिवशी सामान बांधतील, आणि मुलगा आईच्या शब्दाबाहेर नाही. मला वाईटपणा नको आणि नातवंडं जागच्या जागी. इतका पक्का हिशेब मी आयुष्यात केला नव्हता. आणि तुम्ही पडदा नेसून समुद्रात तरंगताय.

तेव्हा आता आडून नाही, सरळ मागते. नाही म्हणा.

तुम्हाला वाटेल, पत्रं आहेत, फोन आहे, लाँच आहे. तुमच्यासाठी आहे. मला फोनचा उपयोग नाही, तुम्हाला माहीत आहे. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, मी लेकीलाही सांगितलेली नाही. गेल्या वर्षभरात भोंगा माझ्या मांडीशी बसून बोलतो ना, तेही मला ऐकू येत नाही. त्याचे ओठ हलतात आणि मी मान डोलावते. तो हसला की मी हसते. अजून लहान होता तेव्हा त्याचं एकेक अक्षर मला कळायचं. छापखान्याच्या मशीनने अर्धे कान खाल्ले होते, उरलेले आता आपणहून चाललेत. पोरांचा आवाज तर गेलाच, निदान ती दोघं डोळ्यांसमोर असावीत. मी म्हातारी स्वार्थी आहे असं म्हणा हवं तर. आहे.

तुमच्या एका शब्दाचं काम आहे. माझ्यासाठी तो खर्च करा.

छापआजी


२४ मे

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मी आधी इतकी चिडले की दोन वेळा धक्क्यापर्यंत चालत जाऊन आले. तिसऱ्या वेळी हसू यायला लागलं. माझ्या खडूस स्वभावावर एवढा भरवसा आजवर कोणीच टाकला नव्हता. मी तो मोडला, माफ करा.

कानांचं वाचलं आणि हसू गेलं. मला सांगायला हवं होतंत. आपलं भांडण असतं चहाचं आणि पडद्यांचं, एवढ्याचं कधीच नव्हतं.

तुमच्यासाठी नाही म्हणायला मी खरंच गेले. कालच. मुलगा मशीनखाली आडवा पडून नट आवळत होता. मी म्हटलं, ऐक. तेवढ्यात बाहेरून भोंग्याची हाक आली आणि मशीनखालून हा एकदम हसला. मी 'काही नाही' म्हणून आल्या पावली परतले. विहीणबाई, घरी त्या पोराची हाक आली की याच्या कपाळाला आठी पडते आणि कान दांड्याच्या ठोक्याकडे लागतात. दोष पोराचाही नाही आणि बापाचाही नाही, भिंतींचा आहे. मी हो म्हणू शकत नाही, कारण तुम्ही. मी नाही म्हणू शकत नाही, कारण हे.

म्हणून मी एक ठरवलंय. माझा आठवडा अजून उरलाय, तो तुमचा. मी गुरुवारच्या लाँचने परत निघते. तीच लाँच तासाभरात उलट फिरते, तिच्यात तुम्ही चढा. तुम्ही येऊन बघा आणि काय ते तुम्हीच सांगा. जे तुमचं उत्तर, तेच माझं. मुलाला मी तसं सांगून टाकलंय. नाही म्हणालात तर मी का म्हणूनही विचारणार नाही, शप्पथ.

कुंड्यांना पाणी मी घालीन. तिसरा मजला मला झेपतो आणि पाय तुमचाही बरा आहे, तेव्हा सबब चालणार नाही. पोरांना तुम्ही येणार हे सांगितलंय. टिकलीने तुमच्या शिकवणीचं वेळापत्रक केलंय. मान सैल ठेवा.

मशीनआजी


३१ मे

मशीनआजी,

धक्क्यावर तुम्ही एक पिशवी माझ्या हातात कोंबलीत आणि पाठ फिरवून चालायला लागलात. मला वाटलं, खाऊ असेल. आत पडदा. खांद्यात मला ढगळ होतो. घातला का, ते विचारू नका. टिकली पत्र लिहितेय, ती सगळं फोडेलच.

आता जे लिहायला बसले आहे ते.

लाँचवर मी नाही म्हणायची तयारी करत होते. पावसाळा, वादळ, शाळा, सगळं क्रमाने लावलं होतं. आजूबाजूला लोक बोलत होते, इंजिन चालू असावं, फळी थरथरत होती. माझ्याकडे नेहमीसारखं सगळं कापसात गुंडाळलेलं. बेट अजून हिरव्या रेघेएवढंच दिसत होतं. आणि मला ऐकू आलं, आजी.

मी मनात म्हटलं, झालं, आता न बोललेलंही ऐकू यायला लागलं. पुन्हा आलं. लाँचवाल्याकडे पाहिलं तर तो हसत होता, त्याने बोट दाखवलं. धक्क्याच्या टोकाला एक ठिपका उड्या मारत होता. 'छापआजीऽऽ!' माझं नाव, पूर्ण, एकही अक्षर न गाळता. मी उभी राहिले. मीही ओरडले. काय ओरडले ते मला ठाऊक नाही, शेजारच्या बाईने माझा हात धरून मला खाली बसवलं.

उतरल्यावर तो माझ्या कमरेला लटकून बोलत सुटला आणि मला कळत होतं. सगळं नाही, पण कळत होतं. लाल होडीवाला, बर्फाची करवत, खेकड्याने बाबांच्या चपलेत केलेलं घर. संध्याकाळी मी त्याला मांडीवर घेतलं आणि विचारलं, माझ्या घरी येतोस तेव्हा असा का नाही रे बोलत? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आजीला एवढंही माहीत नाही. म्हणाला, 'हळू बोलायचं असतं ना. जिन्यातच सगळे सांगतात. मी शिकलो आता.'

मशीनआजी, वर्षभर मी माझ्या कानांच्या नावाने रडत होते. कान चाललेत, ते खरंच. पण एवढे नव्हते गेलेले. पोराचा आवाज चालला होता. आपण सगळ्यांनी मिळून तो नीट घडी घालून ठेवला होता, आणि मी त्याला शहाणा झाला म्हणून खाऊ देत होते.

मी त्याला सांगितलं, माझ्याशी कधीही हळू बोलायचं नाही. त्याने लगेच करून दाखवलं. शेजारच्या झाडावरचे पक्षी उडाले. कोणीही काही ठोकलं नाही.

रात्री जेवताना मी जावयांना म्हटलं, घ्या ते घर. त्यांनी घास खाली ठेवला. त्यांना वाटलं, मी काही दुसरंच ऐकून उत्तर देतेय. मग मी पुन्हा म्हटलं, माझ्या विहीणबाईंचं आणि माझं, दोघींचं उत्तर हो आहे. टिकली ताटावरून उठून नाचायला लागली, तिच्यामागे भोंगा. जावई बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते, खारं वारं लागलं म्हणाले.

लेक मात्र माझ्या शेजारी येऊन बसली. रडत होती. कानाशी तोंड आणून विचारत होती, आई, आणि तुम्ही दोघी? तिकडे तुम्ही दोघींनी काय करायचं?

मी खूप आनंदात होते आणि वाईटही तेवढंच वाटत होतं. खोटं कशाला लिहू? तिच्या डोक्यावर हात ठेवून मी म्हटलं, 'आमचं आम्ही बघून घेऊ.' बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी 'आमचं' म्हणाले. तुम्हाला न विचारता मी तुम्हाला माझ्यात धरलं आहे. तेवढं चालवून घ्या.

तुमची
छापआजी